‘पुट ऑफ’चा अर्थ बदलतो कसा? आधी कोण हललं ते शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाचं चाललंय ते कळेल. ‘पुट ऑफ’ म्हणजे पुढे ढकलणे, असं तुम्ही पाठ केलं होतं. मग एका कथेत ‘हिज टोन पुट मी ऑफ’ हे वाक्य भेटलं आणि तिथे पुढे ढकलणे काही केल्या बसेना. दुसरं म्हणजे, तुम्ही ईमेलमध्ये ‘वी पुट ऑफ इट’ लिहिलंत. सहकाऱ्याने ते ‘वी पुट इट ऑफ’ असं दुरुस्त केलं, पण कारण सांगितलं नाही. तिसरं, तुमच्या अभ्यासाच्या पुस्तकात फ्रेजल व्हर्ब्जच्या, म्हणजे ‘पुट ऑफ’सारख्या क्रियापद आणि छोट्या शब्दाच्या जोड्यांच्या, यादीच्या वरच ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द लेंग्थ ऑव्ह धिस लिस्ट’ असं लिहिलंय, तेही उलगडत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की त्या यादीतली पाचशे क्रियापदं पाठ करायची सोपी पद्धत कोणती.

मी प्रौढ विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवते, त्याला २२ वर्षं झाली. हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत दरवर्षी येतो. विचारणारा नेहमी म्हणतो की माझ्या लक्षात राहत नाही. पण तुमच्या लक्षात तर राहिलं होतं. ‘पुढे ढकलणे’ तुम्हाला अचूक आठवलं, आणि तेच आडवं आलं. खरी अडचण वहीतल्या त्या ओळीत आहे. डावीकडे ‘पुट ऑफ’, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडे ‘पुढे ढकलणे’. या ओळीत कर्म कुठेच नाही. काय पुढे ढकलायचं? मीटिंग, काम, की माणूस? ‘पुट ऑफ’चा अर्थ ठरतो तो याच गाळलेल्या शब्दावर.

एक आधीच सांगते. याच्या किती खोलात जायचं, ते तुम्हाला इंग्रजी कशासाठी हवंय त्यावर आहे. फक्त वाचायचं असेल तर अर्थ ओळखता आला की पुरे. शब्दक्रमाचा भाग वरवर वाचलात तरी चालेल. ईमेल लिहायच्या असतील तर शब्दक्रम आणि ‘पोस्टपोन’शी असलेला फरक, दोन्ही लागतील. बोलायचं आणि ऐकून समजून घ्यायचं असेल तर उच्चारावरचा भाग सगळ्यात कामाचा. तुम्ही ईमेल आणि कथा, दोन्हींचा उल्लेख केलाय, म्हणून मी जरा ऐसपैस लिहिते.

सुरुवात मराठीपासून करू, कारण ही गोष्ट आपल्याला वाटते तितकी परकी नाही. ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘लिहून ठेव’, ‘लिहून काढ’, ‘लिहून टाक’. पाचही ठिकाणी लिहिण्याची क्रिया तीच, पण दुसऱ्या शब्दाने प्रत्येक वेळी वेगळं वळण घेतलंय. ‘टाक’मध्ये एकदाचं संपवण्याची घाई आहे, ‘ठेव’मध्ये पुढची तरतूद, ‘काढ’मध्ये सगळं नीट कागदावर उतरवणं. यातल्या ‘टाक’चा अर्थ फेकणे असा धरून कोणी ‘लिहून टाक’ समजून घ्यायला बसला तर त्याचा गोंधळ होईल. तुम्हाला मात्र हे कोणी शिकवलेलं नाही. हजार वेळा ऐकलंत आणि दर वेळी त्याच्या मागेपुढे काय होतं तेही ऐकलंत. इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांना ‘पुट ऑफ’ तसंच येतं. तो अनुभव तुम्हाला कमी वेळात, जाणीवपूर्वक गोळा करायचाय, एवढाच फरक.

संस्कृतातला एक श्लोक शाळेत कानावरून गेला असेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते, प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत्’. उपसर्ग धातूच्या अर्थाला बळेच दुसरीकडे नेतो. ‘हृ’ धातू एकच, पण प्रहार वेगळा, आहार वेगळा, विहार वेगळा. इंग्रजीने हेच काम क्रियापदाच्या मागे शब्द जोडून केलं. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याच्या प्रस्तावनेतच त्यांनी लिहिलं होतं की क्रियापदाला असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची रीत इंग्रजीत फार आहे आणि परकीयांना सगळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. तेव्हा तुमची अडचण जुनी आणि नावाजलेली आहे.

आता ‘ऑफ’कडे. हा शब्द मुळात दूर, अलग, पासून सुटून असं सांगणारा. आपल्या ‘अप’ या उपसर्गाचा तो भाषिक भाऊच आहे: अपहरण म्हणजे दूर हरून नेणं. दोन्ही एकाच प्राचीन मुळातून आले. इंग्रजीत आधी ‘ऑफ’ आणि ‘ऑव्ह’ (‘लेंग्थ ऑव्ह धिस लिस्ट’मधला) हा एकच शब्द होता. जोर देऊन उच्चारला की एक रूप, जोराशिवाय उच्चारला की दुसरं. पुढे साधारण सतराव्या शतकापर्यंत त्यांची स्पेलिंगही वेगळी झाली आणि ते दोन शब्द मानले गेले. जोराचं रूप ते आपलं ‘ऑफ’. हा जोर लक्षात ठेवा, पुढे शब्दक्रमाच्या वेळी लागेल.

‘पुट’ म्हणजे ठेवणं आणि ‘ऑफ’ म्हणजे दूर. दोन्ही मिळून चित्र असं: काहीतरी आपल्या जागेवरून उचललं आणि लांब ठेवलं. मराठीतला ‘लांबणीवर टाकणे’ हा वाक्प्रचार बघा, चित्र जवळपास तेच. ‘पुट ऑफ’चे मी शिकवते ते सगळे अर्थ या एका चित्रात मावतात. फक्त दर वेळी स्वतःला विचारायचं: हललं कोण?

‘दे पुट ऑफ द मीटिंग.’ हलली ती मीटिंग. आजच्या जागेवरून उचलून लांबच्या तारखेला ठेवली. अर्थ: त्यांनी मीटिंग पुढे ढकलली.

‘हिज टोन पुट मी ऑफ.’ इथे हललं कोण? ‘मी’, म्हणजे बोलणारी व्यक्ती. त्याच्या बोलण्याच्या सुराने तिला उचललं आणि त्याच्यापासून लांब ठेवलं. म्हणजे तिचं मन उडालं. मराठीत संदर्भाप्रमाणे मन उडालं, मन उतरलं, इच्छाच गेली, नकोसं झालं, यांपैकी काहीही बसेल. मला विचाराल तर तुमच्या कथेतल्या वाक्यासाठी ‘त्याचा सूर ऐकून माझं मन उडालं’ हे चांगलं.

या दोन्ही अर्थांना शेजारी ठेवणारी एक जोडी मी वर्गात फळ्यावर लिहिते आणि तासभर पुसत नाही. पहिलं वाक्य: ‘आय पुट ऑफ कॉलिंग हिम.’ दुसरं: ‘हिज टोन पुट मी ऑफ कॉलिंग हिम.’ पहिल्यात फोन करणं हललं, म्हणजे त्याला फोन करणं मी पुढे ढकललं. करणार आहे, पण नंतर. दुसऱ्यात मी हलले, म्हणजे त्याच्या सुरामुळे त्याला फोन करावासाच वाटेना. बहुधा करणारच नाही. ‘पुट’ आणि ‘ऑफ’च्या मधे एक ‘मी’ आला आणि फोनचं भवितव्य बदललं. ही जोडी समजली की या क्रियापदाचा निम्माअधिक भाग हाती आला असं समजा.

माणूस हलतो तेव्हा आणखी एक अर्थ निघू शकतो. ‘ही वॉन्टेड अ‍ॅन आन्सर, बट आय पुट हिम ऑफ.’ त्याला उत्तर हवं होतं, पण मी त्याला टोलवलं. काहीतरी कारण सांगून आत्तापुरतं दूर ठेवलं. पाहुणे यायचे ठरलेत आणि अचानक जमत नाही, म्हणून त्यांना ‘नंतर या’ असं कळवलं, तर तेही ‘वी पुट देम ऑफ’. मग मन उडालं की टोलवलं, हे ओळखायचं कसं? बहुतेक वेळा कर्त्याकडे बघून. कर्ता वास, किंमत, सूर, रंग, एखादा प्रसंग अशी निर्जीव गोष्ट असेल तर मन उडालेलं असतं, कारण वास कुणाला सबबी सांगत नाही. कर्ता माणूस असेल आणि तो मुद्दाम काही करत असेल तर टोलवणं. माणसाच्या वागण्याने दुसऱ्याचं मन उडतं तेव्हाही कर्ता माणूसच येतो, ‘ही पुट्स मी ऑफ’. तिथे मात्र पुढचामागचा मजकूर वाचल्याशिवाय इलाज नाही.

लक्ष उडण्याचा अर्थ मुख्यतः ब्रिटिश इंग्रजीत ऐकू येतो. ‘स्टॉप वॉचिंग मी, यू आर पुटिंग मी ऑफ.’ असं बघत बसू नकोस, माझं लक्ष उडतंय. हलला माणूसच, फक्त इथे तो हातातल्या कामापासून दूर गेला.

दिवा बंद करण्यासाठी ‘पुट ऑफ द लाइट’ असंही काही जण म्हणतात. ते समजून घ्या, पण तुम्ही स्वतः ‘टर्न ऑफ’ किंवा ‘स्विच ऑफ’ म्हणा. ते सगळीकडे चालतं.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: काम हललं की पुढे ढकललं, माणूस हलला की त्याचं मन उडालं, नाहीतर त्याला टोलवलं, नाहीतर त्याचं लक्ष उडालं.

आता तुमच्या ईमेलकडे. ‘वी पुट ऑफ इट’ लिहावंसं का वाटलं, ते मला कळतं. ‘लुक अ‍ॅट इट’, ‘वेट फॉर इट’, ‘लिसन टू इट’ हे सगळे प्रयोग तुमच्या कानात पक्के बसलेत आणि त्यात ‘इट’ शेवटी येतं. पण तिथले ‘अ‍ॅट’, ‘फॉर’, ‘टू’ हे पुढच्या शब्दाला बांधलेले असतात, आपल्या विभक्तीसारखे. ‘त्याच्याकडे बघ’ मधला ‘कडे’ त्याला चिकटतो, बघण्याला नाही. ‘पुट ऑफ’मधला ‘ऑफ’ क्रियापदाचा भाग आहे. तो कर्माला बांधलेला नसल्यामुळे कर्म त्याच्या अलीकडेही येऊ शकतं: ‘पुट ऑफ द मीटिंग’ चालतं, ‘पुट द मीटिंग ऑफ’ही चालतं. कर्म सर्वनाम असेल, म्हणजे ‘इट’, ‘देम’, ‘हिम’, ‘मी’, तर मात्र ते मधेच बसायला हवं. इथे पर्याय नाही.

असं का, याचं उत्तर त्या जोरात आहे. इंग्रजी वाक्यात नवी, महत्त्वाची गोष्ट शेवटाकडे सरकते आणि तिच्यावर जोर येतो. ‘इट’ म्हणजे आधीच सांगून झालेली गोष्ट, तिच्यावर जोर पडत नाही. ‘ऑफ’ मात्र जोर घेणारा. म्हणून हलकं ‘इट’ मधे लपतं आणि ठसठशीत ‘ऑफ’ शेवटी उभा राहतो: पुट इट ऑफ. मोठ्याने तीन वेळा म्हणा, ‘ऑफ’वर आवाज चढवून. मग ‘पुट ऑफ इट’ म्हणून बघा. ‘इट’वर आवाज चढवल्याशिवाय वाक्य संपतच नाही असं वाटेल. नियम विसरला तरी कान आठवण करून देईल. याच कारणाने कर्म लांबलचक असेल तर ते शेवटी टाकतात. ‘वी पुट ऑफ द मीटिंग दॅट वॉज प्लॅन्ड फॉर मंडे’ हे बरं. इतकं सगळं मधे कोंबलं तर वाचणाऱ्याला ‘ऑफ’ येईपर्यंत दम धरावा लागतो.

पुढे कधीतरी ‘इट पुट मी ऑफ इट’ असं वाक्य दिसेल आणि तुम्ही म्हणाल, बाईंनी तर ‘ऑफ इट’ चुकीचं सांगितलं होतं. तेव्हा मधे बघा, तिथे ‘मी’ बसलाय. मधे बसलेला तो हललेला, आणि ‘ऑफ’च्या पुढे आहे ती गोष्ट, जिच्यापासून तो दूर गेला. ‘द अ‍ॅक्सिडेंट पुट हर ऑफ ड्रायव्हिंग’: ती हलली, गाडी चालवण्यापासून. अपघातानंतर तिला गाडी चालवणं नकोसं झालं. मधली जागा रिकामी असेल तरच ‘ऑफ’च्या पुढची गोष्ट हललेली धरायची.

क्रियापदाच्या रूपाचंही एक आहे. ‘आय पुट ऑफ टू गो’ ही चूक मराठी बोलणाऱ्यांकडून फार होते, कारण आपण ‘जायचं पुढे ढकललं’ म्हणतो आणि ‘जायचं’चं ‘टू गो’ करून मोकळे होतो. मनात ‘जायचं’ऐवजी ‘जाणं’ म्हणा. ‘जाणं पुढे ढकललं’, म्हणजे ‘पुट ऑफ गोइंग’. ‘पुट ऑफ’च्या पुढे क्रियापद आलं तर नेहमी हे ‘-इंग’चं रूप येतं.

आणि ‘पुट’चा भूतकाळही ‘पुट’च. त्यामुळे ‘ही पुट इट ऑफ’ हे वाक्य भूतकाळातलंच असणार. वर्तमानकाळ असता तर ‘पुट्स’ झालं असतं. वाचताना यावर पटकन नजर टाकायची सवय ठेवा.

ऐकताना आणखी एक अडचण येते. बोलण्याच्या ओघात हे तीन शब्द वेगळे ऐकू येतच नाहीत. ‘पुटिटॉफ’ असा एकच शब्द कानावर पडतो, आणि अमेरिकन बोलण्यात मधल्या ‘ट’चा मऊ ‘ड’ होऊन ‘पुडिडॉफ’सारखं काहीतरी. मला असे विद्यार्थी भेटलेत, ज्यांना लिहिलेलं ‘पुट इट ऑफ’ अगदी नीट येतं, पण ऐकलेलं ओळखू येत नाही, आणि ते स्वतःच्या कानांना दोष देतात. कान ठीक असतात. त्यांनी हे एकत्र उच्चारलेलं स्वतःच्या तोंडाने कधी म्हटलेलं नसतं, इतकंच. ज्याचा उच्चार आपल्या तोंडात बसलाय ते ऐकू लवकर येतं, म्हणून मी हे वर्गात सगळ्यांकडून म्हणवून घेते.

‘पोस्टपोन’ असताना ‘पुट ऑफ’ कशाला, हेही विचारलं जातं. गंमत अशी की ‘पोस्टपोन’ लॅटिनमधून आलाय आणि त्याची फोड केली तर ‘पोस्ट’ म्हणजे नंतर आणि ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. चित्र तेच, फक्त कपडे औपचारिक. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दरबाराची आणि न्यायाची भाषा फ्रेंच झाली, विद्वानांची लॅटिन होतीच. त्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला घरगुती आणि दरबारी असे दोन शब्द जागोजागी सापडतात. सूचनापत्रात, संस्थेच्या पत्रव्यवहारात ‘पोस्टपोन’ शोभतं. सहकाऱ्याला लिहिताना, फोनवर बोलताना ‘पुट ऑफ’. पण फरक तेवढाच नाही. ‘पोस्टपोन’मध्ये सहसा ठरवून, रीतसर दिलेली पुढची वेळ असते. ‘पुट ऑफ’मध्ये अनेकदा चालढकलीची छटा येते. ‘आय कीप पुटिंग इट ऑफ’ म्हणजे मी हे टाळतच राहते. दातांच्या डॉक्टरकडे जाणं, अवघड पत्र लिहिणं, कुणाशी तरी नको असलेला विषय काढणं, अशांसाठी माणसं हाच प्रयोग करतात, आणि तिथे ‘पोस्टपोन’ म्हटलं तर मनातली टाळाटाळ त्यात उतरत नाही. ‘कीप पुटिंग इट ऑफ’ आणि ‘कान्ट पुट इट ऑफ एनी लाँगर’, म्हणजे आता आणखी टाळता येणार नाही, ही दोन वाक्यं अख्खी उचला. कधीपर्यंत पुढे ढकललं ते सांगायला ‘अंटिल’ वापरा: ‘वी पुट इट ऑफ अंटिल मंडे’.

‘डिले’ वेगळं. बाहेरच्या कारणाने उशीर झाला, विमान रखडलं, तर ‘डिलेड’. ‘कॉल ऑफ’ तर पार वेगळं: म्हणजे रद्द करणं. यात गल्लत झाली तर ती भाषेपुरती राहत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने प्रशिक्षणाचा वर्ग आठवडाभर पुढे गेल्याचं कळवताना ‘पुट ऑफ’ऐवजी ‘कॉल्ड ऑफ’ लिहिलं. पुढच्या आठवड्यात निम्मे लोक फिरकलेच नाहीत, कारण त्यांनी तो वर्ग रद्द झाला असंच धरलं होतं. त्याला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी ही दोन क्रियापदं एकाच तासात कधीच शिकवत नाही. एक पक्कं झालं की काही आठवड्यांनी दुसरं.

याच अनुभवावरून तुमच्या पाचशेच्या यादीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती पाठ करू नका. अशा याद्या बहुधा क्रियापदाप्रमाणे लावलेल्या असतात. ‘पुट अप’, ‘पुट आउट’, ‘पुट अवे’, ‘पुट डाउन’, ‘पुट ऑफ’, सगळी एका पानावर. दिसायला नीटनेटकं, पण शिकायला सगळ्यात वाईट. एका दिवशी सारखी दिसणारी दहा नावं ऐकली तर आठवड्याने चेहरे एकमेकांत मिसळतात. यादी संदर्भाला ठेवा. शिकायला तीच क्रियापदं घ्या, जी तुमच्या स्वतःच्या वाचनात किंवा कामात दोन-तीनदा भेटली. ‘पुट ऑफ’ तुम्हाला कथेत, ईमेलमध्ये आणि पुस्तकात भेटलं. त्याची वेळ आलीय.

‘ऑफ म्हणजे दूर’ हे सूत्र हाताशी आलं म्हणून ‘ऑफ’ असलेलं प्रत्येक क्रियापद त्यावरून ओळखायला जाऊ नका, हेही सांगायला हवं. ‘द लाइट्स वेन्ट ऑफ’ म्हणजे दिवे गेले, आणि ‘द अलार्म वेन्ट ऑफ’ म्हणजे गजर वाजायला लागला. एक बंद झालं, एक सुरू झालं, शब्द तेच. असं सूत्र कळलेला अर्थ मनात टिकवायला मदत करतं. न कळलेला अर्थ त्यावरून ताडायला गेलात तर ते कधी तारेल, कधी बुडवेल. अर्थ आधी वाक्यातून आणि कोशातून, मग चित्र.

कोशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. इंग्रजी-मराठी कोश बाजूला ठेवा आणि इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी असलेला इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा. त्यात ‘पुट’ आणि ‘ऑफ’च्या मधे ‘समथिंग’ किंवा ‘समबडी’ छापलेलं असतं, बऱ्याचदा संक्षेपात. ‘समथिंग’ म्हणजे वस्तू हलणार, ‘समबडी’ म्हणजे माणूस. काही कोशांत तिथेच दोन्ही टोकांना टोक असलेला छोटा बाण असतो. कर्म मधेही बसतं आणि शेवटीही, असं तो सांगतो. म्हणजे मी एवढा वेळ जे सांगतेय ते कोशकाराने दोन खुणांत आधीच छापून ठेवलंय. या खुणा बघायला शिकलात तर पुढच्या प्रत्येक क्रियापदाला माझी गरज लागणार नाही.

वहीतली ती ओळ खोडा आणि तिच्या जागी दोन ओळी लिहा. पहिली: ‘पुट’, मग काम, मग ‘ऑफ’, आणि पुढे तुमच्या आयुष्यातलं एक खरं वाक्य. तुम्ही महिनाभर काय टाळताय? तेच लिहा, ‘आय कीप पुटिंग ऑफ’ने सुरू करून. दुसरी: ‘पुट’, मग माणूस, मग ‘ऑफ’, आणि तुमचं मन खरंच कशावरून उडालं त्याचं वाक्य. वाक्य खरं असण्यावर माझा भर आहे, कारण पुस्तकातल्या कुणा अनोळखी पात्राने मीटिंग पुढे ढकलली हे तुमच्या मनाला चिकटत नाही. आपण टाळलेलं काम चिकटतं. दोन्ही वाक्यं आठवडाभर रोज मोठ्याने म्हणा, दुसऱ्या दिवसापासून नामाच्या जागी ‘इट’ घालून. मग वाचताना ‘पुट ऑफ’ कुठे दिसतं ते टिपत राहा. पाच वेळा भेटलं आणि पाचही वेळा कोण हललं ते लगेच कळलं, की पुढच्या क्रियापदाकडे वळा. काहींना याला पंधरा दिवस लागतात, काहींना दोन महिने. रोज किती वाचता त्यावर ते आहे.

लिहिताना सुरुवात पुढे ढकलण्याच्या अर्थापासून करा, त्यात चुकण्याची शक्यता कमी. मन उडण्याचा अर्थ आधी काही दिवस नुसता वाचनात ओळखा. त्याच अर्थाचं ‘ऑफ-पुटिंग’ हे विशेषणही भेटेल, ‘अ‍ॅन ऑफ-पुटिंग स्मेल’, म्हणजे नकोसा करणारा वास. पुढे ढकलण्याच्या अर्थाने ते कधीच येत नाही.

राहिलं तुमचं तिसरं वाक्य. ‘डोन्ट बी पुट ऑफ बाय द लेंग्थ ऑव्ह धिस लिस्ट.’ हा कर्मणी प्रयोग आहे. हलवणारी गोष्ट ‘बाय’च्या पुढे आलीय, यादीची लांबी. हलणार कोण? वाक्यात नाव नाही, पण आज्ञा वाचणाऱ्याला आहे, म्हणजे तुम्हाला. तेव्हा माणूस हलण्याचा अर्थ, आणि हलवणारी गोष्ट निर्जीव, म्हणून टोलवणं नव्हे, मन मागे हटणं. मराठीत मी ते ‘यादीची लांबी बघून बिचकू नका’ असं करीन. बोलताना हेच ‘डोन्ट लेट इट पुट यू ऑफ’ असं ऐकाल. तिथे ‘यू’ मधल्या जागेत स्पष्ट दिसतो.